तोंड आवळणारी वाइन वीस वर्षांनी कशी लागेल?

दरवर्षी एप्रिलच्या आसपास फ्रान्समधल्या बोर्दोत जगभरचे वाइन-व्यापारी आणि समीक्षक जमतात, सहा-सात महिन्यांची लाल वाइन तोंडात घेतात, चूळ भरल्यासारखी घोळवतात आणि थुंकून टाकतात. दिवसाला पन्नास-साठ नमुने सहज होतात. दुपारपर्यंत दात जांभळे आणि हिरड्या सोलवटल्यासारख्या. ही वाइन अजून बाटलीत भरलेली नसते. ओकच्या पिंपातून नमुन्यापुरती काढलेली असते आणि उरलेली पुढे वर्षभर तरी त्याच पिंपात राहणार असते. तरीही ती किती चांगली, किती वर्षं टिकणार आणि तिला काय भाव द्यायचा, याचा बराचसा निकाल याच दिवसांत लागतो. या पद्धतीचं नाव 'आं प्रिमर'. पैसे आज मोजायचे, बाटल्या दीड-दोन वर्षांनी मिळणार आणि त्या धड प्यायच्या लायकीच्या व्हायला आणखी दहा-वीस वर्षं.

मोहोर बघून आंब्याची बाग करारावर घेणाऱ्या कोकणातल्या व्यापाऱ्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की त्याचा अंदाज बरोबर होता की चूक, हे मे महिन्यात कळतं. बोर्दोवाल्याला ते कळेपर्यंत त्याचे केस पिकलेले असतात.

मग ही मंडळी त्या एका घोटात शोधतात तरी काय? 'चव' हे उत्तर पुरत नाही, कारण चांगली कोवळी बोर्दो बहुतेक वेळा प्यायला सुखाची नसतेच. मी पहिल्यांदा अशी वाइन चाखली तेव्हा तोंड इतकं आवळलं की शेजारच्याकडे पाणी मागायलाही जड गेलं. त्या दिवशी वहीत लिहिलं होतं : "कडू. महाग. का?" त्यातला पहिला शब्दच चुकला होता, हे कळायला बरेच दिवस गेले. ती वाइन कडू नव्हती, तुरट होती.

जांभळाची गोष्ट

हा फरक आपल्याला खरं तर लहानपणीच कळलेला असतो. जांभळं खाल्ली की जीभ जाड होते. कच्च्या केळ्याचा तुकडा चावला की गाल आतून ओढले जातात. पातेल्यात राहून काळा झालेला कोरा चहा प्यायला की दात खरखरीत लागतात. आपल्या षड्रसांच्या पंगतीत तुरटाला स्वतःचं पान आहे. विज्ञान मात्र त्याला चव मानत नाही, स्पर्श मानतं. (तिखटाचीही तीच गत आहे, पण तो विषय वेगळा.) लाळेत काही प्रथिनं असतात, ती तोंडात वंगणाचं काम करतात. टॅनिन नावाची द्रव्यं या प्रथिनांना चिकटतात, दोघांचा मिळून साका होतो, वंगण जातं आणि जीभ टाळूवर घासायला लागते. म्हणून तुरटपणा हिरड्यांवर, गालांच्या आतून, ओठांच्या मागे जाणवतो.

टॅनिन येतं द्राक्षाच्या सालीतून, बियांतून, थोडं देठातून आणि नव्या ओकच्या लाकडातून. आपण बाजारातून आणतो ती थॉमसन द्राक्षं पातळ सालीची आणि बिनबियांची असतात, त्यांत तुरटपणाला जागाच ठेवलेली नाही. बोर्दोजवळ जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर मेदोक नावाचा पट्टा आहे. पोइयाक, मार्गो, सँ-जुलियाँ ही नामवंत गावं तिथलीच. तिथलं मुख्य वाण कॅबर्ने सोव्हिन्याँ. मणी लहान, साल जाड, आत बिया. म्हणजे रस थोडा आणि साल-बी भरपूर. लाल वाइन करताना रस सालींसकटच आंबवतात, त्यामुळे रंग आणि टॅनिन दोन्ही त्यात उतरतात. उजव्या काठावर, पोमरोलकडे, मेर्लो जास्त लावतात. ती स्वभावाने मऊ.

आता मुख्य मुद्दा. टॅनिन किती आहे हा अर्धाच प्रश्न झाला. कसलं आहे, हा उरलेला अर्धा आणि जास्त महत्त्वाचा. काळंभोर पिकलेलं जांभूळही तुरट असतं, पण तो तुरटपणा गराच्या गोडव्यात गुंडाळलेला असतो, मखमलीसारखा तोंडभर पसरतो. लालसर, अर्धकच्चं जांभूळ खाऊन बघा. तो तुरटपणा किसणीसारखा एकाच जागी ओरबाडतो आणि घशाशी अडकतो. कोवळ्या वाइनमध्ये हेच दोन प्रकार ओळखायचे असतात. पहिला काळाबरोबर निवळतो. दुसरा सहसा तसाच राहतो, आणि त्याच्या भोवतालचं फळ सरलं की जास्तच टोचतो.

बागेतला माणूस हे आधीच ताडतो. तोडणीच्या दिवसांत तो मणी तोंडात टाकून बी चावून बघतो. बी हिरवी आणि चिवट असेल तर थांबायचं. तपकिरी झाली, भाजलेल्या दाण्यासारखी कुडुम वाजली, तर विळा-कात्री काढायला हरकत नाही. साखर मोजायला यंत्र आहे, आणि ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) म्हणजे काय हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला कुणी शिकवायला नको. पण ही परीक्षा दातांचीच.

ग्लास हातात घेतल्यावर

ग्लास एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे फिरवायला जागा राहते. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून वाइनची कड बघायची. कोवळ्या बोर्दोची कड जांभळट, जवळपास निळसर असते. वर्षं जातात तशी ती माणकासारखी लाल होते, मग विटकरी, आणि फार म्हातारी झाली की तपकिरी. सहा महिन्यांच्या नमुन्याची कड विटकरी दिसली तर काहीतरी बिघडलंय. एवढंच रंगाकडून शिकायचं. गडद रंग म्हणजे दीर्घायुष्य, असं समजणारे बरेच आहेत, मी त्यांच्यातला नाही.

रंग माणसाला किती फसवतो याचा एक गाजलेला पुरावा बोर्दोतलाच आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना दोन ग्लास दिले : एक पांढऱ्या वाइनचा आणि दुसरा त्याच पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळलेला. दुसऱ्या ग्लासाचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. नाक डोळ्यांचं ऐकतं. तेव्हा बाटलीवरचं नाव झाकून चाखण्याचा आग्रह धरणाऱ्यांना खुळं समजू नये. नावही एक रंगच आहे.

आता वास. आधी ग्लास न हलवता, मग दोन-तीन वेळा गरगर फिरवून. कॅबर्नेच्या कोवळ्या वाइनला ज्या फळाचा वास येतो ते ब्लॅककरंट, फ्रेंच कासिस, आपल्याकडे होत नाही. जवळचं उदाहरण द्यायचं तर पिकलेल्या करवंदात जांभूळ कुस्करलेलं, असं मी म्हणेन. पोइयाकच्या वाइनमध्ये बहुतेक जण शिसपेन्सिलचा वास सांगतात, टोक काढल्यावर गिरमिटातून येतो तो. देवदाराच्या लाकडाचाही. नव्या ओकमुळे व्हॅनिला, लवंग, भाजलेला पाव. आणि कधी कधी चिरलेल्या भोपळी मिरचीचा हिरवा वास. तो पायराझिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि द्राक्ष पिकत जातं तसा कमी होतो. किंचित असेल तर वाइनला टवटवी देतो, जास्त असेल तर द्राक्ष अर्धकच्चं तोडलं होतं असं समजायचं. बाटलीत ते द्रव्य फारसं कमी होत नाही. भोपळी मिरची वीस वर्षांनीही भोपळी मिरचीच राहते.

ओकच्या वासापासून सावध राहावं, हा माझा वैयक्तिक आकस समजा. नवं पिंप महाग असतं, 225 लिटरचं, त्यातून साधारण 300 बाटल्या निघतात. त्याचा व्हॅनिलाचा दरवळ कोवळ्या नमुन्याला लगेच देखणं करतो. लग्नाच्या हॉलमधल्या अत्तरासारखं असतं ते. फळ भक्कम असेल तर चार-पाच वर्षांत लाकूड त्यात विरघळून जातं. फळ लेचंपेचं असेल तर म्हातारपणी हातात उरतो फक्त सुताराच्या दुकानाचा वास.

काही वास आढळले तर पुढचा विचारच करायचा नाही. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास म्हणजे बुचाचा दोष. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा झणका म्हणजे आंबवताना किंवा पिंपात जंतूंनी डाव साधलाय. घोड्याच्या तबेल्याचा वास थोडासा असला तर काही जुन्या रसिकांना तो आवडतो. पण त्यामागे ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट असतं आणि ते बाटलीतही वाढू शकतं. मुरल्याने दोष जात नाहीत.

मग घोट. चमचा-दीड चमचा पुरे. ओठ किंचित उघडून, गरम चहा फुरकताना ओढतो तशी हवा आत ओढायची, घरात आपल्याला ज्यासाठी ओरडा बसतो नेमकं तेच. वाइन जिभेखाली, हिरड्यांवर, गालांत फिरवायची. फ्रेंच लोक या दहा-बारा सेकंदांचे तीन तुकडे करतात : आताक म्हणजे सुरुवात, मग तोंडाचा मध्य, मग शेवट. सुरुवात गोडसर फळाची असते आणि ती जवळजवळ प्रत्येक वाइनला जमते. शेवटी टॅनिन येतं. खरी परीक्षा मध्ये. चांगल्या वाइनमध्ये फळ मधल्या टप्प्यातही हात सोडत नाही. साध्या वाइनमध्ये सुरुवातीचं फळ अचानक गायब होतं, पोकळी जाणवते आणि एकदम तुरटपणा अंगावर येतो. जिना उतरताना एक पायरी नसल्यासारखं. ही पोकळी वर्षं लोटली म्हणून भरून येत नाही.

थुंकल्यावर काम संपत नाही, तिथून सुरू होतं. तोंडाला पाणी सुटतंय का? तो आंबटपणा. घशात ऊब किंवा जळजळ? ते अल्कोहोल. हिरड्या कोरड्या? ते टॅनिन. आणि या सगळ्याच्या वर फळाचा, पेन्सिलीचा, देवदाराचा तो वास अजून दरवळतोय का? तो किती सेकंद टिकतो हे मोजायला फ्रेंचांनी वेगळं मापच केलंय, कोडाली. एक सेकंद म्हणजे एक कोडाली. शब्द लॅटिनमधल्या 'शेपूट' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. तोंड दोन मिनिटं कोरडं राहिलं म्हणून तो खूश होतो. कोरडेपणा मोजायचाच नाही, सुगंध मोजायचा. टॅनिन थांबायच्या आधीच सुगंध विझला असेल तर वीस वर्षांनंतरचा हिशोबही तसाच होणार : फळ आधी संपेल, तुरटपणा मागे राहील.

एक अडचण अशी की टॅनिन साठत जातं. दुसरा घोट पहिल्यापेक्षा तुरट लागतो, विसाव्या नमुन्यापर्यंत तोंडाचं कातडं झालेलं असतं. म्हणून मध्ये पाव आणि पाणी, आणि महत्त्वाच्या वाइन सकाळी. संध्याकाळी चाखलेल्या नमुन्यांचे गुण बघितले की मला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातले शेवटचे पेपर आठवतात.

तोल

बोर्दो विद्यापीठात एमिल पेनो नावाचे प्राध्यापक होते, 1912 ते 2004. आज आपण जी बोर्दो पितो तिच्यावर त्यांच्याएवढी छाप क्वचितच कुणाची असेल. द्राक्षं पुरती पिकू द्या, असा त्यांचा धोशा होता. दुसरं, वाइनमधलं कैरीसारखं बोचरं मॅलिक आम्ल जिवाणूंच्या मदतीने दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतं, ही क्रिया दैवावर न सोडता हाताळायला त्यांनी शातोंना, म्हणजे तिथल्या द्राक्षबागा राखून वाइन करणाऱ्या घराण्यांना, शिकवलं. आणि तिसरं, त्यांनी तोलाची साधी मांडणी केली : एका पारड्यात अल्कोहोलचा गोडसर मऊपणा, दुसऱ्या पारड्यात आंबटपणा आणि टॅनिन एकत्र. आंबट आणि तुरट एकमेकांना धार लावतात. दोन्ही भरमसाट असतील तर वाइन हाडकुळी आणि रागीट. दोन्ही कमी असतील तर आज लोण्यासारखी, उद्या ढेपाळलेली.

मुरण्यासाठी टॅनिन लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आंबटपणा लागतो, हे विसरलं जातं. आम्लता चांगली असली की जंतूंना थारा मिळत नाही, टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड जास्त परिणामकारक ठरतो आणि फळाची टवटवी राहते. एखाद्या कोवळ्या वाइनमध्ये टॅनिनचा डोंगर आहे पण थुंकल्यावर तोंडाला पाणीच सुटत नाही, तर माझ्या वहीत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह पडतं.

'आज जितकी कडक तितकी उद्या थोर' हा जुना समज किती महाग पडतो, ते बोर्दोच्या दोन हंगामांनी दाखवलं. 1975च्या वाइन कोवळ्या असताना पोलादी होत्या, टॅनिन प्रचंड. ही पन्नास वर्षांची बेगमी, असं म्हणत लोकांनी त्या तळघरात ठेवल्या. काही खरोखर सुंदर झाल्या. पण बऱ्याच कधी नरमल्याच नाहीत, वाट बघता बघता फळ सुकलं आणि कवच तेवढं उरलं. उलट 1982च्या वाइन पिंपातच गुबगुबीत, पिकलेल्या, मोहक लागत होत्या. काही अमेरिकन समीक्षकांना त्या टिकाऊ वाटेनात. रॉबर्ट पार्कर नावाच्या, तोवर फारसं नाव नसलेल्या वकील-समीक्षकाने मात्र त्यांना डोक्यावर घेतलं, आणि त्याचं नाव झालं ते तिथून. 1982च्या उत्तम बाटल्या चाळीस वर्षं उलटल्यावरही उमेद राखून होत्या. त्यांत टॅनिन कमी नव्हतं. ते पिकलेलं होतं, फळात बुडालेलं होतं, म्हणून जिभेला सापडलं नाही.

मुरताना काय होतं

या प्रकाराला मराठीत 'मुरणं' याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. पहिल्या दिवशी कैरीच्या लोणच्यात मीठ वेगळं, मोहरी वेगळी, फोड वेगळी लागते, आणि तरी घरातली जाणती बाई बोटाने चाखून सांगते की मीठ बरोबर आहे. तिला आजची चव नको असते, प्रमाण हवं असतं. वाइनचंही इथपर्यंत तसंच. पुढे मात्र दोन्ही वाटा फुटतात. लोणचं आपण काही वर्षांनी नवं करतो, वाइन तशीच आणखी पुढे जाते आणि बदलत राहते.

बाटलीत बुचातून आणि बुचाच्या कडेने अगदी कणभर प्राणवायू झिरपत असतो. टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडून मोठे रेणू बनवतात. काही तुटतात, पुन्हा वेगळ्या रीतीने जुळतात. काही इतके मोठे होतात की गाळ बनून तळाशी बसतात. जुनी वाइन फिकी दिसते आणि ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवतात, ते यामुळे. तुरटपणाची धार जाते. दरम्यान ताज्या फळाचे वास ओसरतात आणि वाळलेलं अंजीर, तंबाखूची पानं, चामडं, पावसात भिजलेली पालापाचोळ्याची माती असे वास वर येतात. सगळ्यांना ते आवडतील असं नाही. भरगच्च फळाचीच आवड असेल तर वीस वर्षं थांबून पदरी निराशा येईल, आणि त्यात तुमची आवड कमी दर्जाची ठरत नाही.

मध्येच एक विचित्र टप्पा येतो. बाटलीत भरल्यावर काही वर्षांनी बऱ्याच वाइन मिटतात. वास येत नाही, चव चपटी. फ्रेंच म्हणतात 'फेर्मे', बंद. असं का होतं याचं पटेल असं एकच स्पष्टीकरण नाही, पण अनुभव पक्का आहे. अशा वेळी बाटली उघडून "वाया गेली" म्हणणाऱ्यांत मीही होतो.

घरी एक सोपी चाचणी करता येते. बाटली उघडा, पेलाभर प्या, बूच लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. दुसऱ्या दिवशी वाइन जास्त खुलली असेल तर तिच्यात दम आहे. मरगळली असेल तर बाकीच्या बाटल्या लवकर संपवा. उघड्या हवेतला एक दिवस म्हणजे तळघरातली अमुक वर्षं, असलं गणित मात्र कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. हवेचा भडिमार आणि थेंबाथेंबाने मुरणं या वेगळ्या क्रिया आहेत.

अंदाज बांधणाऱ्यांची फजिती

24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज वाइन-दुकानदाराने फ्रेंच परीक्षकांना नावं झाकून कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन चाखायला दिल्या. लाल वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप 1973. शातो मूतों-रोथशिल्डची 1970 दुसरी. फ्रान्समध्ये गहजब झाला. बोर्दोच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो आपल्या विषयाचाच होता : आमच्या वाइन अजून कोवळ्या आहेत, अमेरिकन वाइन आत्ता गोड बोलतात, वर्षं जाऊ द्या मग बघा. वर्षं गेली. बरोबर तीस वर्षांनी, 24 मे 2006 रोजी, लंडनमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या नापामध्ये त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या, आणि सर्वांत वर होती रिज माँटे बेलो 1971.

यातून बोर्दो मुरत नाही असा अर्थ काढणारे चुकतात. मुरण्याची ताकद गावाच्या नावात असते, ही समजूत तेवढी खोटी ठरते. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव पाहून शातोंचे पाच वर्ग पाडले. ती यादी आजही जवळजवळ तशीच आहे. मोठा बदल एकच, 1973 साली मूतोंला पहिल्या वर्गात बढती मिळाली. लेबलवर तो वर्ग वाचला की चाखणाऱ्याची जीभ आपोआप नमस्कार करते.

पिंपातल्या नमुन्याचीही भानगड आहेच. सकाळी काढलेला नमुना दुपारी शिळा होतो. दाखवलेलं मिश्रण अंतिम नसतंही. शिवाय कोणता शातो आपलं सगळ्यात कुरूप पिंप परीक्षकापुढे ठेवेल? म्हणून जाणते समीक्षक एप्रिलमध्ये एक आकडा न देता पट्टा देतात, शंभरपैकी 93 ते 95 असा, आणि बाटलीत भरल्यावर पुन्हा चाखतात. पहिल्या वर्गातल्या शातो लातूरने तर 2012 साली हा वसंतातला बाजारच सोडला. वाइन प्यायची वेळ जवळ आली की विकू, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडच्या वाइनचं काय, असं कुणी विचारेलच. पोमरोलचे वाइन-सल्लागार मिशेल रोलाँ यांनी 1990च्या दशकापासून बंगळुरूजवळच्या नंदी हिल्समधल्या ग्रोव्हर या वाइन-कंपनीला सल्ला दिला, तेव्हा बोर्दोचा हात आपल्या द्राक्षाला लागलेला आहे. पण हवामान उलटं. बोर्दोत वेल हिवाळ्यात झोपतो, एकदा छाटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थंड होत जाणाऱ्या दिवसांत तोडणी. नाशिकला एप्रिलची खरड छाटणी, मग गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, म्हणजे मणी पिकत असताना ऊन चढत जातं आणि आंबटपणा भराभर उतरतो. म्हणून बहुतेक वाइन लवकर प्यायच्या हिशोबानेच केलेल्या असतात आणि तशाच त्या चांगल्या लागतात.

आणि ठेवायचं कुठे? 12 ते 14 अंश तापमान, अंधार, बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहतं. माझी मावसबहीण फ्रान्समधल्या तुलूझला असते. 2013 साली आम्ही दोघांनी पैसे काढून पोइयाकच्या एका पाचव्या वर्गातल्या शातोची 2010 सालची अर्धा डझन वाइन घेतली आणि तिच्या इमारतीच्या तळघरात, ज्याला ते 'काव' म्हणतात, तिथे ठेवली. त्यातली एक बाटली मामा पुण्याला घेऊन आले. दिसायला झकास म्हणून ती शोकेसमध्ये उभी राहिली, गणपतीच्या मूर्तीशेजारून हलवून खालच्या कप्प्यात, एवढाच तिचा प्रवास. सहा उन्हाळे तिने तिथे काढले.

2019च्या दिवाळीत ती उघडली. बूच वर सरकलेलं, कड तपकिरी, वास उकळलेल्या काळ्या मनुकांचा. मामांना आवडली, ते म्हणाले द्राक्षासवासारखी लागते. त्याच आठवड्यात बहिणीने तुलूझला दुसरी उघडून मला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या ग्लासाची कड अजून जांभळटच होती. एक घोट घेऊन तिने तोंड वेडंवाकडं केलं, थुंकली, घड्याळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चौदा. तोंड अजून आवळतंय, पण वास आहे. उरलेल्या ठेवते." चार उरल्यात. पुढची 2030ला उघडायचं ठरलंय, आणि तोवर मामांना तुलूझला जाताना बॅग रिकामी न्यायची नाही अशी ताकीद आहे, येताना मात्र रिकामीच आणायची.